डीजे एक रात्र, माग रोज बारा तास

सुरुवात डीजेवरनं झाली. पिंट्या चिडून सांगत होता की मंडळाच्या पोरांनी घरासमोर बॉक्स लावले, खिडकीच्या काचा हादरल्या, म्हाताऱ्याला झोप नाही, कानाला दडे बसले वगैरे. आम्ही चौघं नेहमीसारखं चहाच्या गाड्याशेजारी बसलेलो. बंड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक रात्र डीजे वाजला तर एवढी बोंब, मग तुझ्या शेडमधल्या कामगारांचं काय रे, त्यांच्या कानाशी रोज बारा तास डीजेच आहे की."

झालं, पेटलं.

पिंट्याचे कापड विणायचे चोवीस साधे यंत्रमाग आहेत, इचलकरंजीत त्याच्यासारखे ढिगानं. बंड्या कागल-हातकणंगलेच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सेफ्टीला आहे, तिथं आत शिरतानाच कानात प्लग घालायला लागतात आणि वर्षाला एकदा कान तपासतात, त्यामुळे या विषयात त्याला जरा जास्तच चेव येतो. आणि अण्णा. अण्णा म्हणजे तीस वर्षं जॉबरकी, मागांच्या दुरुस्तीचं काम, माग बिघडला तर शेडच्या दारातनं नुसता आवाज ऐकून सांगणार की तिसऱ्या ओळीतल्या मागाचा धोटा, आडवं सूत घेऊन पळणारा, नीट जात नाही. गावात मान आहे त्यांना.

"कानात बोळं घातल्यावर मागाचं कसं कळणार?" अण्णांचा पहिलाच सवाल. "आमचा कान हेच आमचं हत्यार. आणि मला काय झालंय? काय बी झालं न्हाई. ही आजकालची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलत्यात."

बंड्या म्हणाला, अण्णा, राग मानू नका पण कान जायला लागला की प्रत्येक माणूस हेच म्हणतो. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, कारण मागाच्या आवाजानं आधी बारीक, तीक्ष्ण सूर ऐकायची ताकद जाते, चार हजार हर्ट्झच्या आसपासची. अ, आ, ओ ऐकू येतात पण स, श, फ गळतात. फोनवर समोरचा ‘साठ’ म्हणतो, तुम्हाला ‘आठ’ ऐकू येतं. कानाच्या आत ज्या बारीक केसांच्या पेशी असतात त्या मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही, ऑपरेशन नाही, मशीन लावलं तरी पहिल्यासारखं होत नाही. आणि दुखत तर काहीच नाही, म्हणून कळतही नाही. कामाची पाळी सुटल्यावर कानात कुंईऽऽ वाजतं ना, घरी टीव्ही मोठा लागतो आणि सकाळी परत बरं वाटतं, ती पहिली घंटा.

आमच्या शेडमध्ये माणसं हाताच्या खुणांनी आणि ओठ बघून बोलतात, त्याचं आम्हाला कौतुकच वाटतं. आपल्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात म्हणून सांगतो, तिकडं इंग्लंडात मँचेस्टरच्या बाजूला लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकासुद्धा असंच बोलायच्या, त्याला मी-मॉइंग असं नावच पडलं होतं. त्यातल्या किती जणींचे कान शाबूत राहिले असतील कोण जाणे.

पिंट्या म्हणाला, बरं मग निम्मे माग बंद ठेवतो, आवाज निम्मा. बंड्या खदाखदा हसला. डेसिबलचं, म्हणजे आवाज मोजायच्या मापाचं, गणित तसं चालतच नाही म्हणे, निम्मे माग बंद केले तर कमी होतात फक्त तीन डेसिबल. फॅक्टरीच्या नियमात आठ तासाला ९० डेसिबलची हद्द आहे, ९५ असेल तर चारच तास, १०० ला दोन तास. साध्या मागाच्या शेडमध्ये ९५-१०० सहज असतो, त्यात वर पत्रा आणि चारी बाजूंनी नुसत्या टणक भिंती, आवाज जाणार कुठं? आणि छोट्या शेडला तो कायदा बऱ्याचदा लागूच होत नाही. कानाला मात्र शेड छोटी की मोठी ते कळत नाही.

"कापूस घालतात की आमची पोरं," पिंट्या.

कापसानं काही थांबत नाही रे, बंड्या म्हणाला. फोमचा प्लग दहा-पंधरा रुपयाला मिळतो, तो बोटांत बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरनं घेऊन कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर शोभेला. आणि काढायचा नाही! हे मला नवीनच होतं : तीस डेसिबल थोपवणारा प्लग आठ तासांतला अर्धा तास जरी काढून ठेवला तरी हिशोबानं फायदा बारावर येतो, निम्मा वेळ काढला तर तीनवर. म्हणजे बोलायला काढला, तंबाखू मळताना काढला, की संपलंच जवळजवळ.

मागाचं कळणार नाही या मुद्द्यावर मात्र बंड्या थोडा नरमला. ज्याचा कान चांगला आहे त्याला एवढ्या गोंगाटात प्लग घालून उलट बरं ऐकू येतं, पण ज्याचा आधीच गेलाय त्याला खरंच अवघड जातं, हे त्यानं कबूल केलं. अण्णा काही बोलले नाहीत.

जरा वेळानं बोलले ते पिंट्याकडं वळून. "कामगाराच्या कानात बोळं कोंबायच्या आधी तू पैसं काढ. धोटा जिथं आदळतो तिथलं चामडं झिजलंय, वर्षापास्नं सांगतोय. बोल्ट ढिलं, तेल वेळेवर न्हाई. तुझा निम्मा खडखडाट तिथंच हाय."

पिंट्याला सूत, वीजबिल, पार्टीकडं अडकलेले पैसे सगळं एकदम आठवलं. ते खोटं नाही, पण चामड्याच्या तुकड्याला केवढा खर्च येतो हे जॉबरसमोर वाढवून सांगता येत नाही.

शेवटी बंड्यानं खिशातनं प्लगचं पाकीट काढून अण्णांना दिलं. अण्णांनी वळलं, ओढलं, घातलं, मिनिटभर बसले आणि ओरडले, "आरं, माझंच बोलणं डोक्यात घुमतंय!"

"म्हंजे बरोबर बसलाय," बंड्या म्हणाला, पण ते अण्णांना ऐकू गेलं नसावं.