लागते, मामा, परवानगी लागते!

गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय. सोबत हिरवळीवर ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र घराचा फोटो, मागे डोंगर, पुढे झोपाळा. मजकूर थोडक्यात असा:

‘विटा-वाळू विसरा! फॅक्टरीत तयार पॅनेल, साइटवर फक्त जोडणी. तुमच्या आवडीचं डिझाइन. १ बीएचके फक्त साडेपाच लाखांत. ७ दिवसांत राहायला जा. पाया लागत नाही. फायरप्रूफ, भूकंपप्रूफ, १०० वर्षं लाइफ. एसीची गरज नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे घर हलवता येतं, त्यामुळे एनए (बिगरशेती परवानगी) नको, बांधकाम परवानगी नको. शेतजमिनीवरही चालतं. आपल्या माणसांना पाठवा.’

‘आपल्या माणसांना पाठवा’ म्हटल्यावर तो आमच्या मामांपर्यंत पोचायचा राहतोय होय! मामा एसटीतून रिटायर झालेत, भोरकडे थोडी जमीन आहे, फंडाचे पैसे नुकतेच हातात आलेत. असं गिऱ्हाईक शोधायलाच तर हा मेसेज सोडलेला असतो. मामींचा फोन आला तेव्हा टोकन कधी द्यायचं एवढंच ठरायचं बाकी होतं. म्हटलं, आधी मला वाचू द्या. वाचलं, आणि डोकं फिरलं.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो. बाकीचं खोटं निघालं तर पैसे जातील. हे खोटं निघालं तर पैसे जातील आणि वर नोटीस येईल.

हलवता येतं म्हणून ते बांधकाम नाही, हा शोध कुणी लावला देव जाणे. मुंबई आणि मोजके भाग सोडले तर महाराष्ट्रात २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे. नकाशे करणारा प्रत्येक माणूस तिला यूडीसीपीआर म्हणून ओळखतो. तिच्यातली इमारतीची व्याख्या वाचा. कोणत्याही कारणासाठी उभी केलेली, कोणत्याही साहित्याची, माणूस तिथे राहो वा न राहो, अशी कुठलीही रचना म्हणजे इमारत. कोणत्याही साहित्याची! वीट आली, दगड आला, पत्रा आला, फोम आला, बांबूही आला. मग सुटतं कोण? तंबू, शामियाना, ताडपत्रीचा निवारा. तोही तात्पुरता किंवा समारंभापुरता असेल तर, आणि तोही परवानगी घेऊन उभारला असेल तर. म्हणजे लग्नाच्या मांडवाला परवानगीची अट आहे आणि तुमचं बेडरूम, किचन, संडास असलेलं घर मात्र आपोआप मोकळं! जाता जाता आणखी एक. मोबाइल टॉवरही नटबोल्ट काढून हलवता येतो. पण मालमत्ता कराच्या वादात सुप्रीम कोर्टाने २०१६ साली त्यालाही इमारतच धरलं. तुमच्या घराला निदान दारं-खिडक्या तरी आहेत.

विनापरवाना बांधकाम केलं तर काय होतं, हे नगररचना कायद्यात (१९६६चा एमआरटीपी, वकिलाला नुसतं एवढं म्हटलं तरी कळतं) कलम ५२ आणि ५३ मध्ये लिहिलंय. शिक्षा एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची, वर दंड, आणि बांधकाम पाडण्याची नोटीस वेगळी. प्रत्येक शेडवाल्याला काही कुणी आत टाकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण नोटीस घराला आली की ती विकणाऱ्याच्या नावाने येत नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला येते.

आता यात थोडं खरं आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर मामा म्हणतील भाचा एकतर्फी बोलतो. जमीन महसूल कायद्यात शेतघराची तरतूद आहेच. शेतकरी आपल्या शेतात अवजारं, चारा, जनावरं यांसाठी, आणि स्वतःच्या कुटुंबासाठी किंवा गड्यासाठी घर बांधू शकतो. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी एनए परवानगी मागावी लागत नाही. एनएच्या नियमांत अलीकडे सरकार एकेक गाठ सैल करत आणलंय, हेही मान्य. आणि १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटवर परवानगीच्या कागदाची वाट बघत बसावं लागत नाही.

पण हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि मेसेजवाल्याने त्यांची मिसळ केलीय. एनए हा जमिनीच्या वापराचा प्रश्न, बांधकाम परवानगी हा त्यावर उभं काय करणार याचा. पहिल्यातून सुटलात म्हणून दुसऱ्यातून सुटत नाही. लहान प्लॉटच्या सवलतीतसुद्धा आर्किटेक्टचा नकाशा, त्याची सही आणि शुल्क द्यावंच लागतं. शिवाय पूररेषा, रस्त्यापासूनचं अंतर, धरणाचा फुगवटा या गोष्टी भिंत कशाची आहे हे विचारत नाहीत. भोर तालुक्याचा काही भाग पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतो, आणि त्यांचं अतिक्रमण पथक तर मुळीच विचारत नाही.

एजंट इथे एक हुकमी पत्ता काढतो: ‘ग्रामपंचायतीत घरपट्टी लावून देतो, मग काही टेन्शन नाही.’ मामांनाही हेच सांगितलं होतं. घरपट्टी लागली म्हणजे कर बसला, घर कायदेशीर झालं असं नाही. ग्रामपंचायत अनधिकृत घरालाही कर लावते आणि पावती देते. ती पावती घेऊन बँकेत जा आणि मॅनेजरला घरकर्ज मागा. पहिल्यांदा मंजूर नकाशा मागेल.

पुढचा मुद्दा ‘फायरप्रूफ’. यावर मला खरंच राग आला, कारण इथे माणसं मरतात.

हे पॅनेल म्हणजे काय, ते कापून बघा. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रंगीत पत्रा, मध्ये ५० किंवा ८० मिलिमीटर पिवळसर फोम. बोटाने दाबला की खळी पडते. स्वस्तातलं असेल तर फोमऐवजी पांढरा थर्माकोल, नखाने खरवडला की दाणे सुटतात. कोल्ड स्टोरेजच्या भिंती याच्याच असतात. पत्रा जळत नाही, खरं आहे. मधला फोम जळतो, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो. आग बाहेरून दिसायच्या आत माणूस धुरानेच आडवा होतो. चांगल्या प्रतीच्या फोममध्ये आग रोखणारी रसायनं असतात, त्यामुळे माचिसची काडी धरली तर तो विझतो. विकणारे लायटर लावून व्हिडिओ काढतात तो याच करामतीचा. पेटलेल्या खोलीतली आग ही लायटरची आग नसते.

दक्षिण कोरियात सोलजवळ इचॉन नावाचं शहर आहे. तिथे २००८च्या जानेवारीत एका शीतगृहात आग लागून ४० कामगार गेले. त्याच शहरात २०२०च्या एप्रिलमध्ये गोदामाचं बांधकाम चालू असताना ३८ गेले. दोन्ही ठिकाणी आग भडकायला कारण युरेथेन फोम, म्हणजे याच जातीचा. दोन्ही जागा मोठ्या होत्या, मामांचं घर लहान असेल, मान्य. पण त्या लहान घरात गॅसची शेगडी पॅनेलच्या भिंतीला टेकून असणार आणि विजेची वायर त्याच फोममधून भोक पाडून नेणार. दगडी लोकरीचं, म्हणजे रॉकवूल भरलेलं पॅनेल मिळतं, ते आगीला खरंच टिकतं. ते महाग आणि जड असतं, म्हणून साडेपाच लाखांच्या घरात नसतं. निदान स्वयंपाकघराच्या भिंतीला तेच मागा, आणि टेस्ट रिपोर्ट कागदावर मागा.

किंमत. मामांना आलेलं कोटेशन मी उलटून पाहिलं. पुढच्या पानावर साडेपाच लाख ठळक, मागच्या पानावर बारीक अक्षरात ‘ग्राहकाने करावयाची कामे’. प्लिंथ, म्हणजे घराखालचा ओटा, ग्राहकाने. क्रेन आणि उतरवणी ग्राहकाने. वाहतूक प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे. फरशी, संडास-बाथरूमचं फिटिंग, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, लाइटचं फिटिंग, सगळं ग्राहकाने. जीएसटी वेगळा. अशा फॅक्टरीत तयार होणाऱ्या घराला तो १८ टक्के लागतो, म्हणजे साडेपाच लाखांवर ९९ हजार तिथेच. मग यांचं काय? तर भिंती आणि छत. भिंती आणि छताला घर म्हणायचं तर आमच्याकडे गोठाही आहे.

‘७ दिवस’ यात जोडणीपुरतं तथ्य आहे. माल साइटवर आला, ओटा तयार असला, तर चार माणसं आठवड्यात सांगाडा आणि भिंती उभ्या करतात, मी पाहिलंय. पण पॅनेल कापून यायला लागणारे आठवडे कुठे गेले? आणि ओट्याच्या काँक्रीटला पाणी मारायलाच किमान सात दिवस लागतात. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत अशाच नव्या पद्धतींच्या घरांचे प्रकल्प सुरू केले. इंदूरला तर सँडविच पॅनेलच वापरली. मुदत बारा महिन्यांची होती. चेन्नईच्या प्रकल्पाचं उद्घाटन मे २०२२ मध्ये झालं. ती हजारेक घरांची बहुमजली कामं, तुलना थेट नाही. तरी सगळी यंत्रणा मागे असताना वेळापत्रक सरकतं, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवाला कोण लागून गेला!

‘पाया लागत नाही.’ भोरला मुरूम आहे, तिथे एक वेळ साध्या ओट्यावर भागेल. हाच मेसेज मराठवाड्यात आणि विदर्भात फिरतोय, तिथल्यांनी नीट ऐका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि घर जितकं हलकं तितकं ती त्याला जास्त उचलते. जड घर निदान दाबून तरी बसतं. याच मातीसाठी रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगा असलेले जमिनीतले खांब काढले. ओटा तिरका झाला की आधी पॅनेलचे सांधे उघडतात, मग दार अडकतं, मग पाणी आत.

भूकंपाचं मात्र बरोबर आहे. किल्लारीत १९९३ साली जी माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. हलक्या भिंती पडल्या तरी तशा चेपत नाहीत. ‘भूकंपप्रूफ’ म्हणू नका, पण चांगलं आहे म्हणा. हलकेपणाची दुसरी बाजू मात्र वाऱ्याची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात पत्र्यांचं काय केलं ते कोकणातल्या कुणालाही विचारा. वाऱ्याच्या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईसाठी ४४. म्हणजे ताशी १४० आणि १५८ किलोमीटर. तेवढ्याला सांगाडा ओट्यात कुठल्या बोल्टने धरलाय, याचं गणित द्या म्हटलं तर एजंट ‘सर, आपलं मटेरियल हेवी आहे’ म्हणतो. एका श्वासात हलकं, दुसऱ्या श्वासात हेवी.

एसीबद्दलही कबूल करतो, जरा नाइलाजाने. ५० मिलिमीटरचा चांगला फोम उष्णता अडवण्यात नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा सहा-सातपट सरस आहे. पण तो उष्णता अडवतो, थंडावा बनवत नाही. खिडकी पश्चिमेला ठेवली आणि हवा खेळती नसली, तर आत शिरलेली उष्णताही तो तितक्याच निष्ठेने अडवून ठेवतो.

‘तुमच्या आवडीचं डिझाइन’ हे पॅनेलच्या रुंदीत बसेल तेवढंच. खिडकी कुठे ते कारखान्यात माल कापायच्या आधी ठरवायचं. नंतर ग्राइंडर लावलात की पत्र्याची उघडी कड गंजायला आणि उघडा फोम मुंग्या-उंदरांना मोकळा. १०० वर्षांबद्दल काय बोलायचं? आधी स्क्रू बघा. डोक्याखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो, मग त्याच भोकातून तांबूस ओघळ सुरू होतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर.

ही पॅनेल वाईट नाहीत. साइट ऑफिस, गच्चीवरची जास्तीची खोली, डोंगरावर वाळू-विटा नेणं परवडत नाही अशी जागा, तिथे मी स्वतः सुचवतो. अर्थात गच्चीवरच्या खोलीलाही परवानगी लागतेच. म्हणून टोकन मागणाऱ्याकडे तीन कागद मागा: आर्किटेक्टच्या सहीचा, मंजुरीला टाकता येईल असा नकाशा; स्ट्रक्चरल इंजिनिअरचं वाऱ्यासकट गणित; आणि पॅनेलचा आगीचा टेस्ट रिपोर्ट, उत्पादकाच्या नावासह. मामांनी फोन स्पीकरवर ठेवून तिन्ही मागितले. पलीकडून उत्तर आलं, ‘काका, ऑफर रविवारपर्यंतच आहे.’