आर्ट प्रोजेक्ट आणि पोराला लांब ठेवायचे उपाय

तुमचं लेकरू पाचवी ते दहावीत कुठेही असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवून घ्या, आर्ट प्रोजेक्ट हा पोराचा नसतो. तो तुमचा असतो. नाव, इयत्ता, तुकडी तेवढी त्याची टाकायची, आणि तेही शक्यतो तुम्हीच टाका, कारण त्याचं अक्षर तुम्ही पाहिलंय.

विषय कळतो रात्री साडेनऊला, वरणभात कालवता कालवता. "आई, उद्या क्राफ्ट द्यायचंय." इथे भडकायचं नाही. "टीचरनी कधी सांगितलं होतं?" हे तर अजिबात विचारू नका, उत्तर "मागच्या सोमवारी" असं येतं आणि मग घरात कुणाचंच जेवण नीट होत नाही. शांतपणे मोबाईल उचला आणि वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुणी सुरू केलंय का गं?" असा भोळा मेसेज टाका. सगळ्या म्हणतील छे गं, अजून हातच नाही लावला. त्यातल्या निम्म्यांच्या घरी त्या क्षणी ग्लू गन तापलेली असते.

सामानासाठी पुण्यातला अप्पा बळवंत चौक. रात्री बंद असेल तर सकाळी पोराला पोटदुखी करवा आणि जा. गाडी कुठे लावायची हे मी सांगणार नाही, ते ज्याचं त्याने आयुष्यात शोधायचं असतं. काउंटरवर विषय सांगत बसू नका, काउंटरवरचे काका फक्त "कितवी?" विचारतात. सहावी म्हटलं की न बघता मागे हात घालून गेरू रंगाचा कार्डशीट, पांढरा पोस्टर कलर आणि शून्य नंबरचा ब्रश पुढे ठेवतात. सहावी म्हणजे वारली. अभ्यासक्रम शाळेपेक्षा त्यांना जास्त पाठ आहे.

तर वारली. खरी वारली चित्रं गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढायचे, बांबूच्या काडीने, आणि लग्नाचा देवचौक, म्हणजे देवीचं चौकटीतलं चित्र, सुवासिनी लिहायच्या. जिव्या सोमा मशे या माणसाने ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यातलं काहीही पोराला सांगू नका, उगाच प्रश्न विचारत बसेल आणि बारा वाजतील. यूट्यूब लावा, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढा, वर गोल, झाला माणूस, अशी चाळीस माणसं गोल नाचवा. मधोमध जो उभा आहे त्याच्या हातात तारपा असतो, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब वाद्य. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला मी विचारलं हा काय धरून उभा आहे रे, तर म्हणाला व्हॅक्यूम क्लीनर. चित्राला वर्गात पहिला नंबर होता, बाबांनी काढलं होतं, फार सुरेख काढलं होतं खरं तर.

सीबीएसई असेल तर तुमचं काम सोपं आणि अवघड दोन्ही. तिथे आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट असतो, म्हणजे गणित किंवा सायन्स कलेतून शिकायचं, आणि त्यात जोडीच्या राज्याची कला आणायची. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. कल्पना वाईट नाही हो, मी मनापासून म्हणतोय, कोणी खरंच ओडिशाच्या पट्टचित्राच्या नक्षीत सममिती शोधायला बसलं तर मजा येईल. पण होतं काय तर बाणेरपासून हडपसरपर्यंत सगळ्या घरांत त्या आठवड्यात कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक तयार होतं. मूळ देवळाला २४ चाकं आहेत, पुण्यात एका तुकडीतच त्याहून जास्त निघतात. चाक पुठ्ठ्याचं करा, सोनेरी रंग मारा, खाली "वर्तुळाचा परीघ" लिहा. गणित झालं, कला झाली, ओडिशा झालं.

बेस्ट आउट ऑफ वेस्ट असेल तर मात्र तयारी जास्त लागते, कारण घरात वेस्ट नसतं. बोहरी आळीत जाऊन नवीन वेस्ट विकत आणावं लागतं. आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट, कोरे पेपर कप, हे सगळं आणा आणि जरा मळकं दिसेल असं हाताळा. फार चकचकीत वेस्ट बाईंना संशयास्पद वाटतं.

आता मोठं काम, मॉडेल. पुण्यात मॉडेल म्हणजे शनिवारवाडा, याला पर्याय नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे पण काळजी करू नका, शोधला की मिळतो, आणि उरलेल्या तुकड्यांत "पर्यावरण वाचवा" हे मॉडेल पण होऊन जातं. मूळ वाड्याच्या बांधकामाला १६,११० रुपये लागले असं सांगतात, तुमचं बजेट त्याच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. दिल्ली दरवाजाचे खिळे टाचण्यांचे करा. आणि मग रात्री दीड वाजता, सगळं मस्त जमलेलं असताना, तुम्हाला बुरुजांवर ब्राऊन स्प्रे पेंट मारावासा वाटेल. मारा. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, बारीक चर्र आवाज येतो, आधी कडा आत जातात मग आख्खा बुरुज बसतो. १८२८ च्या आगीत खरा वाडा सात दिवस जळत होता असं म्हणतात, तुमचा पाच मिनिटांत उरकतो. (वॉटर बेस्ड रंग आणि फेव्हिकॉल वापरला तर असं काही होत नाही, पण हे सातवीतल्या पोराला माहीत असतं आणि त्याला तुम्ही अकराला झोपवलेलं असतं.)

पोरगं जरा मोठं झालं की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, म्हणजे सरकारी चित्रकलेच्या परीक्षा. इथे कलेचा भाव एकदम स्पष्ट ठरलेला आहे, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीत ७ मार्क, बी ला ५, सी ला ३. म्हणून क्लास लावा. क्लासमध्ये स्मरणचित्र पाठ करून घेतात, एक छत्रीवाली बाई, एक हातगाडीवाला, एक पाठमोरा मुलगा. विषय भाजी मंडई आला तरी हेच तिघं, गणपती विसर्जन आलं तरी हेच तिघं, छत्री मिटायची फक्त. वस्तुचित्राला तर कमाल. मधे स्टुलावर बादली, तांब्या आणि खाली कापड मांडलेलं असतं, मुलं भोवती बसलेली, प्रत्येकाला ते वेगळं दिसणार हे उघड आहे. पण खिडकी उजवीकडे असो नाहीतर डावीकडे, सावली पडते ती क्लासमध्ये शिकवलेल्या बाजूलाच. बादलीकडे बघत बसणारं पोरगं दिसलं तर समजा त्याचे मार्क गेले.

त्याच कारणाने शुक्रवार पेठेतल्या केळकर म्युझियमला पोरांना चुकूनही नेऊ नका. दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलंय, वीसेक हजार वस्तू जमवल्या त्या माणसाने. आणि वस्तू कसल्या तर अडकित्ते, समया, दौती, पाय घासायच्या वज्र्या. साधी टाच घासायची वज्री, तर तिच्यावर कुणीतरी पक्षी बसवलेत. हे एकदा पोराने पाहिलं की ते तिथेच फतकल मारून वहीत काढायला लागतं, वाकडंतिकडं, खोडून खोडून, आणि मग तुमच्या पिंटरेस्टवरच्या फुलपाखराला ते काय भाव देणार?

दिवाळीतल्या किल्ल्याबद्दलही सावध राहा. वर्षातलं हे एकच काम असं की ज्यात बाईंचा विषय नाही, मार्क नाहीत, आणि तरी पोरं सकाळपासून चिखलात असतात. कुठून तरी विटा आणतात, पोतं भिजवून टाकतात, अळीव पेरतात, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणतात, मग मावळा दरवाजापेक्षा उंच निघाला म्हणून दरवाजा पाडून परत बांधतात. प्रमाण, रचना, पोत असले शब्द एकाच्याही तोंडात नसतात आणि भांडण मात्र त्याच्यावरूनच चालू असतं. यात तुम्हाला काही कामच उरत नाही, हे बरं दिसतं का? शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये माती होते. कमिटीला सांगून ताबडतोब बंद पाडा आणि रस्त्यावरून प्लास्टरचा तयार किल्ला आणून लिफ्टपाशी ठेवा, महाराज त्याच्यासोबतच येतात, चिकटवलेले.

शेवटी प्रदर्शनाचा दिवस. मॉडेल शाळेत नेताना रिक्षात तुम्ही बसा, मॉडेल मांडीवर घ्या, पोराला स्कूलबसने पाठवा. त्याच्याकडून "हे मी टाकाऊ वस्तूंपासून तयार केले आहे" एवढं पाठ करून घ्या. मधल्या काळात ते कधी "मी काय करू?" विचारत आलंच तर ब्रश धुवायला द्या, तेवढा सहभाग पुरे.

आणि एवढं सगळं करून बाईंनी मागे लाल पेनने "छान, पण स्वतः करावे" असा शेरा मारला तर ऐकून घेऊ नका. सरळ जाऊन भेटा आणि ठणकावून सांगा की बाई, स्वतःच केलंय, रात्री अडीचपर्यंत जागून केलंय, आणि सकाळी नऊला मला मीटिंग होती.