पँटीचा शिष्य

कुत्र्याला शिकवायचं म्हणजे शब्द शिकवायचे, असा माझा समज होता. ट्रेनरनं पहिल्याच दिवशी तो मोडीत काढला.

"सर, खाऊ काय देणार?"

मी म्हटलं, "शाबासकी."

त्यानं बंड्याकडे पाहिलं, बंड्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्याबद्दल दोघांचं एकमत झालं.

त्याच्या अटी ऐकायला सोप्या होत्या. खाऊ मऊ हवा, वासाचा हवा, मटारच्या दाण्याएवढा हवा आणि बंड्याचं बूड जमिनीला टेकल्यावर सेकंदाभरात तोंडात पडायला हवा. उशीर झाला की कुत्रा त्या क्षणी जे करत असेल, त्याचंच ते बक्षीस समजतो. पहिला आठवडा मी खिशात चाचपडण्यात घालवला. तेवढ्यात बंड्या बसून, उठून, माझ्या पोटावर पुढचे पंजे टेकून उभा राहिलेला असे. मग खाऊ मिळे. 'बस' म्हणजे 'अंगावर चढ', हे त्याच्या मनात असं काही पक्कं बसलं की तो स्वतः बसायचा राहिला.

सुरुवात विकतच्या बिस्किटांनी केली. बिस्कीट मिळालं की बंड्या ते घेऊन सोफ्याखाली जायचा. आतून दगड फोडल्यासारखा आवाज यायचा. मग बाहेर येऊन चुरा वेचणं. आधी गालिच्यावरचा, मग गालिच्याखालचा, मग कालचा काही राहिला असेल तर म्हणून कपाटामागचा. सगळं उरकून तो समोर यायचा तेव्हा चेहऱ्यावर भाव असायचा, 'आपण कुठे होतो बरं?' खरं सांगायचं तर मलाही आठवत नसे.

मग बायकोच्या सल्ल्यानं गाजर. घरात ते बरं चाललं. बाहेर पडलो, समोरून मांजर गेलं आणि बंड्यानं तोंडातला तुकडा रस्त्यावर ठेवला. थुंकला नाही, ठेवला. परक्या घरी न आवडलेला पदार्थ आपण बशीच्या कडेला सारतो ना, तसा.

"घरातला पगार वेगळा, बाहेरचा वेगळा," ट्रेनर म्हणाला. "मांजर समोर असताना गाजरावर कोण काम करेल?"

मला हे पटलं. मीही नसतं केलं.

बाहेरच्या पगाराला वास हवा. कुत्र्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या 1,700च्या आसपास, आपल्या जिभेवर 9,000च्या घरात. चवीत मागे, पण नाकाच्या बाबतीत आपण त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून मी कलेजी उकडून, बारीक कापून ओव्हनमध्ये सुकवली. बंड्या ओव्हनसमोर मंत्रमुग्ध. पडद्यांना वास, उशांना वास, माझ्या पाकिटातल्या नोटांना वास. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "हा वास जाणार आहे, की मी जाऊ?" कलेजी गेली. चीजही करून पाहिलं. बंड्याला ते अतोनात आवडलं, त्याच्या पोटाला आवडलं नाही. त्या रात्रीबद्दल मी जास्त लिहीत नाही.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा मात्र या विषयातला तज्ज्ञ. कुणी द्राक्ष पुढे करतं, कुणी चॉकलेट. शेवटी द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही, अशी यादी फ्रिजवर चिकटवली. कुत्र्याला यातलं सगळंच विषारी. ती वाचून एका काकांनी विचारलं, "मग हा खातो तरी काय?" मी बंड्याकडे पाहिलं. तो त्यांची चप्पल खात होता.

अखेर जिंकली ती बिनमिठाची, बिनमसाल्याची, हाडं काढलेली उकडलेली कोंबडी. दर रविवारी रात्री मी तिचे मटारएवढे तुकडे करत बसतो. खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये, म्हणून शेजारी कॅलक्युलेटर. खाऊचे जेवढे होतील तेवढे बंड्याच्या रात्रीच्या जेवणातून वजा. स्वतःच्या जेवणाचा असा हिशेब मी जन्मात केलेला नाही, आणि माझं पोट पाहता तो करण्याची वेळ टळून गेली आहे.

हे तुकडे डबीत भरून मी तपकिरी पँटच्या उजव्या खिशात ठेवू लागलो आणि बंड्या एकदम हुशार झाला. 'बस' म्हणायच्या आत बसे. मी चार लोकांना बोलावून दाखवलं. पाचव्यांदा दाखवलं तेव्हा मी निळी पँट घातली होती. "बस," मी म्हणालो. बंड्या जवळ आला, दोन्ही खिसे हुंगले आणि निघून गेला.

पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल. त्याच्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्न यायच्या आधीच, अन्न आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनंच लाळ सुटायची. त्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, ते आता मला कळतं. निदान त्याची स्वतःची पावलं तरी होती. माझ्या घरात मान होता तो पँटला.

"तुम्ही आधी दाखवता," ट्रेनर म्हणाला. "आधी दाखवली की ती लाच. काम झाल्यावर दिला की पगार." डबी अंगावर नको, टेबलावर ठेवायची. रिकाम्या हातानं आज्ञा द्यायची, मग खाऊ आणून द्यायचा, आणि पुढे पुढे कधी द्यायचा, कधी नाही. मी मान डोलावली. ट्रेनरनं लगेच मला शाबास म्हटलं. सेकंदाच्या आत.

तपकिरी पँट धुवायला टाकली. दहा मिनिटांनी बंड्या दिसेना. शोधलं तर वॉशिंग मशीनच्या काचेसमोर, पाठ ताठ, बूड जमिनीला टेकलेलं, नजर गरगर फिरणाऱ्या पँटवर. 'थांब' ही आज्ञा आमच्याकडे वीस सेकंदांवर कधी टिकली नव्हती. इथे बेल वाजली, हलला नाही. पिळण्याच्या वेळी मशीन थरथरू लागलं, तोही थरथरला, पण हलला नाही. पूर्ण 52 मिनिटं.

दार उघडलं. उजव्या खिशात डबीतून निसटलेला एक तुकडा निघाला. पांढराफेक, पिळलेला, साबणाचा वास येणारा. मी तो बंड्याच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला.

डबा तेव्हाच रिकामा केला. बंड्या अजून त्याच्यासमोर बसून आहे.