बर्गनला चार रात्री, आणि त्याही बाबांसाठी

"बर्गनला एक रात्र बास होते हो. पाऊसच पडतो तिथे." टूरवाल्याने फोनवर इतकं सहज सांगितलं, की मी पण हो म्हणणार होतो. त्याच्या पॅकेजमध्ये आठ दिवसांत तीन देश. नॉर्वेतल्या बर्गनला संध्याकाळी पोचायचं, बंदरावरच्या रंगीत लाकडी घरांसमोर फोटो काढायचे, सकाळी बस.

मला ते नकोय. मला बर्गनला चार रात्री हव्यात.

पावसाचं आधी सांगतो. बर्गनला वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईतही साधारण तेवढाच पडतो, आणि मुंबईला एकच रात्र राहा असं कुणी म्हणत नाही. आपला पाऊस चार महिन्यांत सगळं उरकून घेतो, त्यांचा वर्षभर रिपरिपत राहतो, एवढाच फरक. रेनकोट घ्यायचा. छत्री समुद्राच्या वाऱ्यात उलटी होते.

आता खरं कारण. माझे वडील वर्धा जिल्ह्यात सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. सायकलवर गावोगाव. पेशंटला डोळे मिटायला सांगायचे, चट्ट्यावर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचे आणि म्हणायचे, "कुठं लागलं ते बोट ठेवून दाखव." पेशंटचं बोट हललंच नाही, म्हणजे चट्टा बधिर, की बाबा काही न बोलता रजिस्टर उघडायचे. नाव, गाव, चट्टे किती, गोळ्या कधी दिल्या. शेवटच्या रकान्यात शेरा. आमच्या घरी पाहुणे पाणी प्यायला कचरायचे, तो काळ मी पाहिलाय.

बाबा ज्या जंतूंच्या मागे आयुष्यभर फिरले, ते पहिल्यांदा दिसले बर्गनमध्ये. १८७३ साली, तिथल्या गेर्हार्ड आर्माउअर हॅन्सन या डॉक्टरला. तेव्हा तो जेमतेम ३१ वर्षांचा होता. हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो असं मोठमोठे डॉक्टर मानत होते. त्यातला सगळ्यात मोठा डॉक्टर, डॅनियलसन, हॅन्सनचा साहेबही आणि सासराही! जावयाने सासऱ्याचं म्हणणं खोटं पाडलं.

पण मला हॅन्सनपेक्षाही जास्त ओढ आहे ती रजिस्टरची. नॉर्वेने १८५६ मध्ये देशभरातल्या कुष्ठरोग्यांची नोंदवही सुरू केली. एका रोगाच्या रुग्णांची अशी राष्ट्रीय नोंद जगात पहिलीच मानतात. तेव्हा त्या छोट्या देशात अडीच हजारांहून जास्त रुग्ण होते आणि एकट्या बर्गनमध्ये त्यांची तीन इस्पितळं. ही दप्तरं बर्गनने जपून ठेवली आणि २००१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. आपल्याकडची रजिस्टरं कुठल्या गोडाऊनमध्ये उंदरांनी खाल्ली असतील, त्यावर न बोललेलं बरं.

सेंट यॉर्गन हे त्यातलं सर्वात जुनं इस्पितळ आता संग्रहालय आहे. तिथले शेवटचे रुग्ण १९४६ मध्ये वारले. ते फक्त उन्हाळ्याच्या मोसमात उघडं असतं, म्हणून आधी त्याच्या तारखा बघायच्या, मग विमानाचं तिकीट. आमचं सगळं नियोजन असं उलट्या बाजूने चाललंय.

एक गोष्ट बाबांना सांगावी की नाही, ठरत नव्हतं. १८७९ मध्ये हॅन्सनने एका बाई पेशंटला न विचारता तिच्या डोळ्यात कुष्ठाचा अंश टोचला, रोग पसरतो का ते बघायला. बाईने तक्रार केली, खटला झाला, त्याची इस्पितळातली नोकरी गेली. शेवटी सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाईचं नाव काय होतं?" हॅन्सनबद्दल एक अक्षर नाही.

बाकीचे दिवस? फ्लोयबानेन या डोंगरी रेल्वेने वर जाऊन शहर बघू. १९१८ पासून चालू आहे, आणि बाबांच्या गुडघ्यांना ते झेपेल. बंदरावरची ब्रिगनची घरं म्हणजे जर्मन व्यापाऱ्यांची वखार. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरून सुकवलेला कॉड मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. सुक्या माशावर उभं राहिलेलं शहर हे ऐकून आमच्या रत्नागिरीच्या सूनबाई, म्हणजे माझी बायको, एकदम तयार झाली. फियोर्डला, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीला, एकच दिवस ठेवलाय, फ्लामच्या रेल्वेसाठी. वीस किलोमीटरमध्ये ती ८०० मीटरहून जास्त खाली उतरते. तेवढं पुरे.

हो, महाग आहे. कॉफीच्या किमतीला रुपयांत गुणलं तर घशाखाली उतरणार नाही, म्हणून पोहे, मेतकूट आणि इंडक्शनवर चालणारं पातेलं बरोबर. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. व्हिसा शेंगेनचाच, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो.

बाबांना फियोर्डचे फोटो दाखवले तर म्हणाले, "डोंगर काय पाहाचे? ते रजिस्टरं पाहाले भेटतीन का?"

दप्तरखान्याला ईमेल टाकलाय. उत्तर यायचंय. दरम्यान, तिथे राहिलेल्या कुणी एवढंच सांगा: ब्रिगनच्या दगडी रस्त्यावर ओल्यात काठी घेऊन चालणं ७८ वर्षांच्या माणसाला जमेल का?