सेटिंग नव्हती भाऊ, उंटच चुकीचा होता

भाऊ, माझ्या बुद्धिबळाच्या डावावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, माझ्याकडं उंट अन् प्यादं म्हणजे चार पॉइंटचे मोहरे जास्त, समोर नुसता राजा, तरी मी ड्रॉ घेतला म्हणजे समोर बसलेल्या काकाजीसोबत सेटिंग केली. आमच्या वाचनालयाच्या टुर्नामेंटला पहिलं बक्षीस स्टीलचा डबा आहे बाप्पा, त्याच्यासाठी कोण सेटिंग करते!

आता घरी पट मांडून पाहाच. माझा राजा जी-सहावर (उभी लाइन जी, आडवी सहावी), प्यादं एच-सहावर, काकाजीचा काळा राजा एच-आठच्या कोपऱ्यात. प्यादं वजीर होणार ते त्याच कोपऱ्यात, अन् तो कोपरा काळं घर, माझा उंट पांढऱ्या घरांचा, जन्मभर फिरला तरी तिथं पोचत नाही. उंटानं जी-आठ अडवलं की लगेच स्टेलमेट (शह नाही पण हलायला घरही नाही, म्हणजे ड्रॉ), नाही अडवलं तं त्यांचा राजा एच-आठ, जी-आठ, एच-आठ करत बसते. तो जी-आठवर असताना प्यादं ढकलून शह दिला की पुन्हा कोपऱ्यात, मग माझा राजा जवळ ठेवला की स्टेलमेट अन् दूर नेला की तो मोकळा. हेच प्यादं दुसऱ्या टोकाच्या ए लाइनीत असतं, जिथला कोपरा पांढरा, तं याच उंटानं आरामात जिंकलो असतो.

चूक आधीच झाली होती. बेचाळिसाव्या चालीला मी खुशीत हत्ती बदलले, आघाडी असली की मोहरे बदला हे डोक्यात फिट बसलेलं, अन् शेवटी कोणता उंट उरते ते पाहिलंच नाही. त्यावर तुम्ही शिव्या दिल्या असत्या तं ऐकून घेतल्या असत्या.

अन् "ड्रॉ डरपोकांचा" म्हणता ते काहून? आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ चा महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हा फायनलला कोनेरू हम्पीसोबतचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव ड्रॉच होते, निकाल कमी वेळेच्या रॅपिडमध्ये लागला.

काकाजीचा वेळ संपू द्यायचा होता, हा घड्याळाचा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे, मान्य. काकाजीकडं पन्नासेक सेकंदच होते, इन्क्रिमेंट, म्हणजे दर चालीला वाढणारे सेकंद, नव्हतं, अन् माझं प्यादं पटावर असल्यानं त्यांचा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपला असता, तं डावाचा पूर्ण पॉइंट मलाच होता. पण सत्तरीच्या माणसाला, तेही दर रविवारी समोर बसणाऱ्या, नुसतं इकडून तिकडं पळवायचं जिवावर आलं. अन् खरं सांगू का, गावाकडची शेवटची काळीपिवळी जीप साडेसहाला होती.

ती भरून सुटेपर्यंत पावणेआठ झाले ते वेगळं.