आधी मोटर बंद करा, मग खुनी सांगा

आमच्याकडं सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं हे गल्लीतलं शेंबडं पोरगंपण सांगतं, पण मुंबईत बसलेल्या चॅनेलवाल्यांना ते कोण सांगणार, त्यामुळं त्यांनी त्या मर्डरच्या मालिकेचा दोन तासांचा महाअंतिम भाग नेमका आमच्या पाण्याच्या रात्री ठेवला.

मालिकेचं नाव घेत नाही, घेतलं की गल्लीत परत सुरू होतंय. सातारा साइडचं गाव, मोठा वाडा, वाड्याच्या मालकांचा खून, आणि संशयित इतके की पोलीस स्टेशनातलं बाकडं पुरू नये. थोरली सून, धाकटा दीर, मुनीम, हवालदार, मालकांना रोज इंजेक्शन द्यायला येणारा कंपाउंडर, सगळे आळीपाळीनं कॅमेऱ्याकडं बघून डोळे बारीक करायचे आणि ढॅण ढॅण वाजायचं. कंपाउंडर तेवढा डोळे बारीक करायचा नाही, तो फक्त "मालक, हात सैल सोडा" एवढंच म्हणायचा. वर्षभर. एक्टिंगचे पैसे कसे काय मिळायचे त्याला कुणास ठाऊक.

आम्ही राहतो अशोक चौकाच्या अलीकडं. समोर अण्णांचा टॉवेलचा कारखाना, दिवसभर माग खडखडत असतात, पण मालिकेच्या टायमाला अण्णा ऑफिसातल्या टीव्हीचा आवाज मागाच्या वर नेऊन ठेवायचे, म्हणजे आम्हाला घरी टीव्ही लावायची तशी गरज नव्हती. अण्णांचं ठाम मत, खून धाकट्या दिरानं केला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मालकांचं मत, हवालदार. वाद वाढत वाढत पैजेवर गेला, पैज दोन किलो शेंगा चटणीची, तीपण उखळात कुटलेली, मिक्सरमधली चालणार नाही अशी अट. दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही म्हणून दोघांनी मिळून चटणी आधीच आणली आणि डबा माझ्याकडं ठेवला. मी निष्पक्ष. मला वाटायचं मुनीम.

तर महाएपिसोडच्या रात्री नऊ वाजता गल्ली सामसूम. साडेनऊला इन्स्पेक्टरनं सगळ्यांना वाड्याच्या चौकात उभं केलं, दार लावलं, म्हणाला, "खुनी आपल्यातच आहे." आणि तेवढ्यात बाहेरून वैनी ओरडल्या, "पाणी आलं ओ ऽऽ!"

आता सांगा माणसानं काय करावं. खुनी आज नाही तर उद्या कळेल, पाणी एकदा गेलं की चार दिवस तोंड धुवायचं वांदं. सगळी गल्ली उठली. बॅरल, घागरी, हंडे, कळशा, पोरांच्या वॉटरबॅगा. एकदम सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं, टीव्ही मिणमिणला, सेटटॉप बॉक्स बंद होऊन परत चालू व्हायला लागला आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरायलंय. समोरून अण्णा, "मोटर बंद करा बे!" इकडून किराणा मालक, "आधी तुझे माग बंद कर की!" मी दोन घागरींच्या मधी येऊन बघायचो, तर इन्स्पेक्टर प्रत्येक वेळी नवीनच माणसाकडं बोट दाखवत असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर जे सुरू झालं ते आठवडाभर पुरलं. निम्मे लोक म्हणले एक नंबर शेवट, निम्मे म्हणले वर्ष फुकट घालवलं आपलं. मी जरा खोलात गेलो तर कळलं, ज्यानं जी दहा मिनिटं बघितली तेवढाच त्याचा शेवट. ज्यांचं पाणी लवकर भरलं त्यांनी कंपाउंडरचा कबुलीजबाब बघितला, होय, कंपाउंडर निघाला, हात सैल सोडावाला. ज्यांची मोटर उशिरा लागली त्यांनी फक्त थोरल्या सुनेचं रडणं बघितलं, त्यामुळं त्यांच्या मते खुनी सून आहे आणि मालिका फार भावनिक होती. आमची ही फक्त शेवटची दोन मिनिटं बघू शकली आणि तिला मालिका लव्हस्टोरी वाटली. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून ती पाण्याला उठत नाही, म्हणजे सलग बघणारी गल्लीत ती एकटीच, पण तिला विचारलं तर म्हणते, "मला पहिल्यापासून त्या टूथपेस्टवाल्या डॉक्टरचा संशय होता." तो जाहिरातीतला होता.

अण्णा सगळ्यात जास्त तापलेले. "कंपाउंडर म्हणे! काय कारण बे? त्याचा ना शेताचा संबंध ना वाड्याचा." त्यांचं बरोबर आहे. रहस्यकथेत खुन्याकडं निदान काहीतरी कारण तरी पाहिजे, असा ऐनवेळी कोपऱ्यातून काढून पुढं करायचा म्हणजे फसवणूकच की. पुण्याचा भाचा फोनवर हे ऐकून हसायला लागला, म्हणला मामा, हे जगभर असंच असतं. इंग्लंडात बीबीसीवर 'लाइन ऑफ ड्यूटी' म्हणून पोलिसांची मालिका आहे, २०२१ च्या मे महिन्यात तिच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग सव्वा कोटीच्या वर लोकांनी बघितला, भ्रष्ट टोळीतला चौथा माणूस कोण म्हणून अख्खा देश जीव मुठीत धरून बसलेला, आणि निघाला कोण तर बावळट म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला एक अधिकारी. इंग्रज लोकपण चिडले. म्हणलं बघा, त्यांचापण कंपाउंडरच.

अमेरिकेत १९८० साली 'डॅलस' नावाच्या मालिकेतल्या जे.आर. म्हणून माणसावर गोळी कुणी झाडली ते बघायला ८ कोटींच्या वर लोक बसले होते, मार्चमध्ये गोळी आणि नोव्हेंबरमध्ये उत्तर. मेहुणी निघाली. हे मी गाड्यावर सांगितलं तर किराणा मालक लगेच म्हणले, "ते पटतंय. घरातली आहे." अण्णांनी चहा बाजूला ठेवून त्यांच्याकडं बघितलं, कारण अण्णांची बायको आणि मालकांची बायको सख्ख्या बहिणी. तो विषय तिथंच थांबवला.

भाच्याचं पुढं चालूच. 'सोप्रानोज' नावाची गँगस्टरची मालिका, २००७ च्या जूनमध्ये संपली, बाप हॉटेलात बायको-पोरासोबत बसलाय, पोरगी बाहेर गाडी लावतीय, दाराची घंटी वाजते, बाप वर बघतो आणि पडदा एकदम काळा. संपलं. लोकांना वाटलं केबल गेली. भाचा म्हणतो ही कला आहे. मी म्हणलं बाबा, आमच्याकडं केबल खरोखर जाते, आम्हाला कलेचा पत्ता कसा लागायचा?

किराणा मालकांचं मात्र वेगळंच गणित. ते म्हणतात मालिका संपत नसते, दम खाते. 'देवमाणूस' आठवा, वाईच्या त्या डॉक्टरच्या प्रकरणावरून सुचलेली. २०२१ च्या १५ ऑगस्टला संपली म्हणून आपण निरोप दिला आणि डिसेंबरात दुसरं पर्व दारात हजर. म्हणून ह्या मालिकेतपण शेवटच्या मिनिटाला कंपाउंडरला जेलमध्ये टाकल्यावर एक फोन वाजतो आणि तो उचलणारा हात दिसतो, नुसता हात, मनगटात चांदीचं कडं. म्हणजे कंपाउंडरच्या मागं अजून कुणीतरी आहे. आता कडं दिराच्यापण हातात आणि हवालदाराच्यापण हातात. अण्णा म्हणतात माझा दीर, पैज मी जिंकलो. मालक म्हणतात हवालदार, चटणी माझी.

मग सुरू झाला तपास. खऱ्या पोलिसांनी केला नसेल असा. अण्णांच्या ऑफिसात मोबाइलवर जुने भाग काढून कडं कुणाच्या कुठल्या हातात ते बघायचं, थांबवून, मोठं करून, परत मागं नेऊन. दिराचं कडं लग्नापर्यंत डाव्या हातात, लग्नानंतर उजव्या. हवालदाराच्या हातात एका भागात कडंच नाही, तो बहुतेक विसरून आला असणार शूटिंगला. कामगार टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर बसून मत द्यायला लागले. एकजण म्हणला, हात बाईचा आहे. झालं, थोरली सून परत संशयात, आणि तिचं रडणं बघून हळहळलेली सगळी पार्टी खवळली.

शेवटी कंटाळून दोघं माझ्याकडं आले, म्हणले निकाल लागत नाही तर चटणी निम्मी निम्मी करा. मी आतून डबा आणला. अण्णांनी झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. किराणा मालकांनी हातात घेऊन डबा जोखला, धंदाच तो, म्हणले, "सव्वा किलो भरंल."

मी आत्याकडं बोट दाखवलं. आत्या म्हणली, "मी नाही, तो टूथपेस्टवाला."