कम्युनिटी कॉलेजातून इंजिनिअरिंग होत नाही म्हणे!

युनिव्हर्सिटीची नकारपत्रं आली की कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांत एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला. सार असं: कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज; तिथून पुढे युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला जाता येतं) नापासांसाठी असतं, तिथलं फिजिक्स हलकं, दोन वर्षं वाया जातात आणि तिथून चांगल्या ठिकाणी इंजिनिअरिंग मिळत नाही. गंमत म्हणजे पाठवणाऱ्यांपैकी एक जण स्वतः पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेला!

नापासांसाठी? प्रवेश सगळ्यांना खुला असतो, एवढंच. आयलीन कॉलिन्स न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत गेल्या आणि १९९९ मध्ये स्पेस शटलच्या पहिल्या महिला कमांडर झाल्या. अपोलो १३ मधले फ्रेड हेझ मिसिसिपीतल्या ज्युनियर कॉलेजातून (कम्युनिटी कॉलेजाचंच जुनं नाव) ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत एरोनॉटिकल इंजिनिअरिंगला गेले. दोन अंतराळवीरांवरून नियम सिद्ध होत नाही, मान्य. पण ‘होतच नाही’ हे मात्र खोटं ठरतं.

फिजिक्स हलकं, हा गैरसमज कुठून येतो ते कळतं. तिथे फिजिक्सच्या दोन वाटा असतात. एक बीजगणितावर चालणारी, मुख्यतः जीवशास्त्र-मेडिकलवाल्यांसाठी. दुसरी कॅल्क्युलसवर चालणारी. इंजिनिअरिंग-फिजिक्सवाल्यांना दुसरीच लागते, आणि तिथला कुठला कोर्स युनिव्हर्सिटीच्या कुठल्या कोर्सऐवजी चालतो हे ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर कोर्सनिहाय दिलेलं असतं. उणीव आहे ती संशोधनाच्या प्रयोगशाळांची. फिजिक्समध्ये पीएचडी करायची असेल तर उन्हाळ्यातल्या संशोधन-योजनांना पहिल्या वर्षापासूनच अर्ज करावेत.

आता ‘दोन वर्षं वाया’. पैसे तरी फार जात नाहीत: राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर फी पडते; दोन वर्षांच्या साठ युनिटांचे २,७६० झाले. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना कितीतरी जास्त पडतात, त्यांनी हा हिशेब धरू नये.) पण या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि मेसेज नेमकं तेच सांगत नाही. वर्षं वाया जातात ती कोर्सच्या साखळीमुळे. मेकॅनिक्सला पहिलं कॅल्क्युलस हवं, विजेच्या फिजिक्सला मेकॅनिक्स हवं, डिफरन्शियल इक्वेशन्सच्या आधी आणखी कॅल्क्युलस. मुलाने प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली, किंवा छोट्या कॉलेजात वर्षातून एकदाच मिळणारा कोर्स हुकला, की दोनाची तीन वर्षं झालीच. त्यात कोणीतरी सांगतं, ‘आधी इतिहास-समाजशास्त्र उरकून घे.’ इतर शाखांना हा सल्ला ठीक. इंजिनिअरिंगवाल्याने गणित-फिजिक्स आधी धरावं, बाकीचं मागून येतं.

‘चांगल्या ठिकाणी मिळत नाही’ याबद्दल. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं धोरण थेट पहिल्या वर्षाला घेतलेल्या साधारण दोन विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्स्फर (दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणारा विद्यार्थी) असं आहे, आणि हे ट्रान्स्फर बहुतांश याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ हे तिचे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. हमी देणारेही काही शाखा वगळतात, आणि त्यांत इंजिनिअरिंगच्या शाखा असू शकतात, म्हणून आपली शाखा तपासल्याशिवाय निर्धास्त होऊ नये. एमआयटी आणि कॅलटेक मोजकेच ट्रान्स्फर घेतात. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

मेसेज पाठवणाऱ्या एका काकांची मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू करतेय. त्यांना मी विचारलं, कॅल्क्युलसला जागा मिळाली का? म्हणाले, वेटलिस्टवर अकराव्या नंबरला आहे. म्हटलं, काका, मेसेज राहू द्या. शेजारच्या कॉलेजात तोच कोर्स मोकळा आहे का ते आज रात्रीच बघा.